वाचकांचे प्रश्न : सर्बिया १९१५ – वाफेचं पिंप, तेरा दिवसांचा घोळ आणि क्रागुयेवाचची कबर

मागच्या अंकात पहिल्या महायुद्धातल्या सर्बियातली टायफसची साथ आणि तिथे मदतीला गेलेले परदेशी डॉक्टर-परिचारिका यांच्यावर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : डॉ. एलिझाबेथ रॉस ‘स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्स’ या संस्थेच्या पथकात होत्या, असं बऱ्याच ठिकाणी वाचलं. तुमच्या लेखात तसा उल्लेख नाही. राहून गेला का?

राहून गेला नाही, मुद्दाम टाळला. रॉस त्या संस्थेच्या नव्हत्या. ग्लासगो विद्यापीठातून वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या इराणमध्ये काम करत होत्या. युद्ध सुरू झाल्यावर त्या स्वतःच्या हिमतीवर सर्बियाला पोचल्या आणि क्रागुयेवाचच्या सर्बियन लष्करी रुग्णालयात टायफसच्या रुग्णांची जबाबदारी घेतली. गोंधळ होतो त्याला कारण आहे. त्याच शहरात, त्याच महिन्यात स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्सचं पहिलं पथक डॉ. एलिनॉर सोल्टाउ यांच्या हाताखाली काम करत होतं. रॉस आजारी पडल्यावर त्यांची शुश्रूषा त्या पथकातल्या परिचारिकांनी केली. १४ फेब्रुवारी १९१५ रोजी, आपल्या ३७व्या वाढदिवशी, रॉस गेल्या.

त्यांची सेवा करणाऱ्यांपैकी लुइझा जॉर्डन ही परिचारिका ६ मार्चला टायफसनेच गेली. त्याच महिन्यात पथकातल्या मॅज फ्रेझर आणि मिन्शल याही गेल्या. २०२० मध्ये कोविडसाठी ग्लासगोत उभारलेल्या तात्पुरत्या रुग्णालयाला लुइझा जॉर्डनचं नाव दिलं, तेव्हा शंभरेक वर्षांनी हे नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आलं.

यांच्या स्मरणार्थ फलक लिहायचा असेल तर ‘रॉस : स्वतंत्रपणे आलेल्या डॉक्टर’ आणि ‘जॉर्डन, फ्रेझर, मिन्शल : स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्स’ असं वेगवेगळं लिहा. चौघींना एका ओळीत बसवलं की रॉस यांच्या एकटीने जाण्याच्या निर्णयावर बोळा फिरतो.

प्रश्न : टायफस म्हणजे विषमज्वरच ना? मग पाणी उकळून प्यायलं असतं तर एवढे लोक का मेले असते?

नाही. विषमज्वर म्हणजे टायफॉईड. तो दूषित पाण्या-अन्नातून होतो. टायफस अंगावरच्या कपड्यांमधल्या उवांमुळे होतो. दोन्ही नावांचं मूळ एकच असल्याने घोटाळा होतो, आणि सर्बियन भाषेत तर तो आणखी वाढतो. तिथे तीन वेगवेगळ्या तापांना ‘तिफूस’ म्हणतात : पोटाचा तिफूस म्हणजे टायफॉईड, उलटून येणारा तिफूस म्हणजे रिलॅप्सिंग फीव्हर, आणि ठिपक्यांचा तिफूस म्हणजे आपला हा टायफस. त्याला बोलीत ‘पेगावाच’ म्हणतात. १९१४-१५च्या हिवाळ्यात हे तिन्ही ताप एकाच वेळी पसरले होते. त्यामुळे जुन्या कागदात नुसतं ‘तिफूस’ दिसलं तर लगेच टायफस असं भाषांतर करू नका.

याचं चांगलं उदाहरण क्रागुयेवाचलाच आहे. रॉस यांच्या शेजारी मेबल डिअरमर आणि लॉर्ना फेरिस या आणखी दोन ब्रिटिश स्त्रियांच्या कबरी आहेत. तिघींना ‘टायफसच्या बळी’ म्हणणारे लेख सापडतात. डिअरमर आणि फेरिस गेल्या आतड्याच्या तापाने, म्हणजे विषमज्वराच्या जातीच्या आजाराने, आणि तेही टायफसची लाट ओसरल्यावर, १९१५च्या उन्हाळ्यात.

आता उवांचं. डोक्यातली ऊ वेगळी आणि ही वेगळी. ही कपड्यांच्या शिवणीत राहते, तिथेच अंडी घालते आणि रक्त प्यायला तेवढी अंगावर येते. चावण्याने रोग होत नाही. तिच्या विष्ठेत जंतू असतात. माणूस खाजवतो आणि ती विष्ठा नखाने कातडीत शिरते, किंवा वाळून धूळ होऊन डोळ्यात-श्वासात जाते. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, या उवेला फार गरम अंग चालत नाही आणि थंड पडलेलं तर मुळीच नाही. ताप चढला किंवा माणूस मेला की ती शेजारच्याकडे सरकते. एका खाटेवर दोघे आणि खाटेखाली तिसरा अशी अवस्था असलेल्या रुग्णालयात याचा परिणाम काय झाला असेल ते सांगायला नको.

प्रश्न : साथ एवढी हाताबाहेर का गेली? आणि आटोक्यात कशी आली?

डिसेंबर १९१४ मध्ये कोलुबाराच्या लढाईनंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचं सैन्य घाईने मागे हटलं. मागे राहिले हजारो आजारी सैनिक, विशेषतः वाल्येवो गावात, आणि साठ हजारांच्या आसपास युद्धकैदी. कैद्यांना ठेवायला जागा नव्हती, म्हणून ते देशभर वाटले गेले. रुग्णालयांत माणसं कमी होती, म्हणून याच कैद्यांना वॉर्डबॉय केलं गेलं. टायफसची लक्षणं दिसायला एक ते दोन आठवडे लागतात. त्यामुळे धडधाकट दिसणारा कैदी आज भरती व्हायचा, रुग्णाला उचलायचा, आणि दहा दिवसांनी स्वतःच खाटेवर असायचा. त्यात रजेवरचे सैनिक आणि निर्वासित खच्चून भरलेल्या गाड्यांतून फिरत होते. देशात डॉक्टर होते चारशेच्या आसपास, त्यांतले शंभराहून जास्त या साथीत गेले. एकूण मृत्यूंचा रूढ अंदाज दीड लाखाचा आहे, आणि त्यात कैदीही धरलेले असतात.

आटोक्यात आणणारे उपाय औषधाचे नव्हते, कारण औषधच नव्हतं. मार्च १९१५ मध्ये कर्नल विल्यम हंटर यांचं ब्रिटिश लष्करी आरोग्य पथक आलं. त्यांचा पहिला आग्रह होता की रेल्वेची प्रवासी वाहतूक काही काळ पूर्ण थांबवा आणि सैनिकांच्या रजा बंद करा. युद्धात गुंतलेल्या देशाला हे सांगणं सोपं नव्हतं, पण सर्बियाने ऐकलं. दुसरा आग्रह कपडे वाफवण्याचा. अमेरिकेहून रिचर्ड स्ट्राँग यांचं पथक आलं. त्यांनी रेल्वेचे डबेच बदलून घेतले : एकात बॉयलर, एकात कपडे वाफवायची सोय, एकात शॉवर. माणसं आंघोळ करेपर्यंत कपडे वाफवून तयार. एप्रिलपासून आकडे उतरले आणि उन्हाळ्यापर्यंत साथ संपली.

उवांचा संबंध १९०९ मध्ये ट्युनिसला शार्ल निकोल यांनी दाखवला होता. त्यांची सुरुवात एका साध्या निरीक्षणातून झाली होती. दारात कपडे काढून आंघोळ घातलेला रुग्ण आत गेल्यावर कोणाला रोग देत नाही, पण त्याचे कपडे हाताळणारा मात्र आजारी पडतो. सर्बियात चांगली चालणारी रुग्णालयं हीच रीत पाळत होती. रुग्णाचे कपडे दाराबाहेर काढून थेट पोत्यात. मग केस कापणं. मग साबण आणि गरम पाणी. केसाळ भागांवर रॉकेल चोळणं. मग स्वच्छ सदरा घालून, दुसऱ्या माणसांनी उचलून आत. ‘दुसऱ्या माणसांनी’ हे शब्द सगळ्यात जास्त विसरले जायचे. बाहेरचाच सेवक रुग्णाला घेऊन आत शिरला की मागची सगळी मेहनत फुकट. परिचारिका अंगभर एकसंध पोशाख घालून त्याचे पाय उंच बुटांत खोचायच्या आणि मनगटं घट्ट बांधायच्या. तरीही त्यांतल्या काही गेल्या, कारण वाळलेल्या धुळीला पोशाख अडवत नाही.

प्रश्न : लेखात ‘सर्बियन पिंप’ असा एक ओझरता उल्लेख आहे. ते नेमकं कसं होतं? आमच्या गटाला प्रदर्शनात त्याची प्रतिकृती ठेवायची आहे.

हंटर यांच्या पथकातल्या स्टॅमर्स या अधिकाऱ्याने ते योजलं. मोठी निर्जंतुकीकरण यंत्रं समुद्रमार्गे यायला महिने लागले असते. पिंपं मात्र दारू गाळणाऱ्या देशात प्रत्येक गावात पडून होती. भाग फक्त पाच :

चूल, तीवर पाण्याचा धातूचा हंडा, हंड्यावर उभं लाकडी पिंप, ज्याच्या तळाला भोकं पाडली आहेत, हंडा आणि पिंप यांच्या सांध्यावर वाळू भरलेली कापडाची चुंबळ, आणि वर घट्ट बसणारं, वजन ठेवलेलं झाकण.

पाणी उकळतं, वाफ भोकांमधून वर चढते, आत सैलसर टांगलेल्या कपड्यांमधून जाते आणि झाकणाच्या कडेने बाहेर पडते. प्रतिकृतीत लोक चुंबळ विसरतात, आणि खरी खुबी तिथेच आहे. पिंपाचा तळ आणि हंड्याचं तोंड कधीच नीट जुळत नाही. फटीतून वाफ निघून गेली तर वरचे कपडे कोमटच राहतात. वाळू वजनाने दबून फट बुजवते, जळत नाही आणि कुठेही मिळते. पिंप लाकडाचं असण्याचाही फायदा आहे. लाकडातून उष्णता लवकर जात नाही. तेच पत्र्याचं असेल तर बाजूंना वाफेचं पाणी होऊन कपडे चिंब होतात.

वापर असा : हंडा आधी उकळू द्यायचा, मग कपडे टाकायचे. झाकणाखालून वाफ जोरात बाहेर येऊ लागली की तिथून वेळ मोजायची, साधारण एक तास. चूल पेटवली त्या क्षणापासून मोजणं ही सगळ्यात सर्रास होणारी चूक. ऊ आणि तिची अंडी ६० अंश सेल्सिअसच्या ओल्या उष्णतेत अर्ध्या तासात मरतात, मग तास कशाला? कारण गठ्ठ्याच्या मध्यभागी ती उष्णता पोचायलाच वेळ लागतो. कपडे ठासून भरले तर तासाभरातही पोचत नाही. बाहेरची घडी वाफाळते आणि आतल्या शिवणीतली अंडी सुखरूप राहून आठवड्याभरात फुटतात. म्हणून सैल टांगायचे, दाबायचे नाहीत. बाहेर काढल्यावर लगेच झटकून हवेवर धरले की कपडा स्वतःच्याच उष्णतेने बराचसा वाळतो.

काय घालायचं नाही तेही लिहून ठेवा. चामडं वाफेत आकसून कडक होतं, म्हणून बूट, पट्टे आणि मेंढीच्या कातड्याचे कोट आत जात नाहीत. त्यांना रॉकेल लावून घासावं लागतं. खिसे रिकामे करायचे, विशेषतः काडतुसं आणि काड्यापेटी. रक्ताचे डाग आधी थंड पाण्यात भिजवायचे. वाफेत ते कायमचे पक्के होतात. आणि हंड्यातलं पाणी आटतंय का यावर एकाने लक्ष ठेवायचं. कोरडा हंडा तापला की पिंपाचा तळ करपतो.

शेवटचं म्हणजे, कपडे वाफवत असताना त्याच वेळी माणसाने आंघोळ केली पाहिजे आणि पांघरूणही वाफवलं पाहिजे. तिन्हींतलं एक सुटलं तरी काम पुन्हा पहिल्यापासून. काही जण कपडे आठवडाभर बांधून ठेवायचे. उवा उपाशी मरतातही, पण वाळलेल्या विष्ठेतले जंतू अनेक आठवडे जिवंत राहतात. असा गठ्ठा सोडणाराच आजारी पडायचा.

हेच पिंप दुसऱ्या महायुद्धात युगोस्लाव्ह छापामारांनी जंगलात वापरलं. तिथे त्याचं नाव ‘पार्टिझान पिंप’ झालं. प्रदर्शनात खरी वाफ काढू नका. पिंपाची एक बाजू कापून आत टांगलेले सदरे दाखवा. चुंबळ मात्र खऱ्या वाळूची करा.

प्रश्न : एकाच घटनेच्या दोन तारखा का मिळतात? एका कागदावर १ फेब्रुवारी आणि दुसरीकडे १४ फेब्रुवारी.

दोन्ही बरोबर आहेत. सर्बियाने सरकारी कामात नवी दिनदर्शिका १९१९ मध्ये घेतली. त्याआधीचे तिथले कागद जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे आहेत. विसाव्या शतकात दोन्हींत १३ दिवसांचा फरक आहे, म्हणून सर्बियन तारखेत १३ मिळवायचे. एकोणिसाव्या शतकातली तारीख असेल तर १२. ब्रिटिश पथकांच्या रोजनिशा आणि पत्रं नव्या तारखांनी आहेत, तिथे काही मिळवू नका. रशिया १९१८ पर्यंत आणि रोमानिया १९१९ पर्यंत जुन्याच दिनदर्शिकेवर होते, त्यामुळे स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्सच्या संस्थापक डॉ. एल्सी इंग्लिस यांच्या तिथल्या १९१६-१७च्या कामाच्या तारखांतही हाच घोळ आहे. शंका आली तर वार ताडून पाहा. वार दोन्ही दिनदर्शिकांत एकच असतो.

प्रश्न : सर्बियन संकेतस्थळांवर या लोकांची नावं शोधली तर काहीच मिळत नाही. का?

सर्बियन लिपीचं तत्त्व ‘बोला तसं लिहा’ असं आहे आणि ते परक्या नावांनाही लागू होतं. मूळ इंग्रजी स्पेलिंग टाकलं तर फार थोडं हाती लागतं. उच्चारावरून शोधा : एल्सी इंग्लिस तशीच राहते, रॉसमधला एक ‘स’ जातो आणि ‘रोस’ होतं, फ्लोरा सँड्सचं ‘सेंड्स’ होतं, कॅथरिन मॅकफेलचं ‘केत्रिन माक्फेय्ल’, इझाबेल एम्स्ली हटनचं ‘इझाबेल एम्स्ली हातोन’. पुरुषांच्या नावाला विभक्तीही लागते. आर्चिबाल्ड राइस (यांच्याविषयी पुढे एक प्रश्न आहे) यांच्या नावाचा रस्ता पाटीवर ‘आर्चिबाल्दा राय्सा’ असा दिसतो. स्त्रियांची व्यंजनान्त नावं बदलत नाहीत.

एक उच्चाराची गोष्ट. क्रागुयेवाच, क्रुशेवाच, म्लादेनोवाच, पेगावाच या सगळ्यांतला शेवटचा च ‘चांगला’तला आहे, ‘चहा’तला नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांची इथे त्रेधा उडते. मराठी माणसाला तो फुकटात येतो.

प्रश्न : एल्सी इंग्लिस भारतात जन्मल्या होत्या हे खरं का? आणि त्यांच्या रुग्णालयांना पैसा कुठून आला?

खरं. १६ ऑगस्ट १८६४, नैनिताल. वडील इथल्या ब्रिटिश नागरी सेवेत होते. १९१४ मध्ये त्यांनी स्त्रियांनी चालवायच्या रुग्णालयाचा प्रस्ताव ब्रिटिश युद्ध खात्याकडे नेला, तेव्हा ‘बाई, घरी जा आणि स्वस्थ बसा’ असं उत्तर मिळाल्याचं सांगतात. मग त्यांनी फ्रान्स आणि सर्बियाच्या सरकारांना विचारलं. पैसा स्त्री-मताधिकार चळवळीच्या जाळ्यातून, छोट्या-मोठ्या देणग्यांतून आला. युद्ध संपेपर्यंत ही रक्कम चार लाख पौंडांच्या वर गेली. एलिझाबेथ अ‍ॅबट यांनी भारत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा दौरा करून सुमारे ६०,००० पौंड जमवले. म्हणजे त्या खाटांपैकी काहींचा पैसा इथूनही गेला.

१९१५च्या शरद ऋतूत सर्बिया पडला तेव्हा इंग्लिस यांनी क्रुशेवाच सोडलं नाही आणि त्या कैदेत गेल्या. फेब्रुवारी १९१६ मध्ये सुटल्या. पुढे रोमानियात आणि रशियात सर्बियन स्वयंसेवक तुकड्यांबरोबर होत्या आणि त्या तुकड्या सुखरूप निघेपर्यंत परतल्या नाहीत. कर्करोगाने खंगलेल्या अवस्थेत न्यूकॅसलला उतरल्या आणि दुसऱ्या दिवशी, २६ नोव्हेंबर १९१७ रोजी गेल्या. सर्बियाचा ‘श्वेत गरुड’ सन्मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. म्लादेनोवाचला त्यांच्या आणि रुग्णालयांच्या नावाचा पाण्याचा झरा-कारंजा आहे. तो सप्टेंबर १९१५ मध्ये, त्या हयात असतानाच, सुरू झाला. स्वच्छ पाण्यासाठी भांडलेल्या बाईला पुतळ्याऐवजी नळ, यापेक्षा नेमकं स्मारक आमच्या पाहण्यात नाही.

प्रश्न : ज्याचं हृदय डोंगरावर ठेवलं आहे तो परदेशी डॉक्टर कोण?

डॉक्टर हे विद्यापीठाच्या पदवीने, वैद्य नव्हे. आर्चिबाल्ड राइस, स्वित्झर्लंडमधल्या लोझानचे न्यायवैद्यक छायाचित्रणाचे प्राध्यापक. १९१४ मध्ये सर्बियन सरकारच्या बोलावण्यावरून ते पश्चिम सर्बियातल्या माच्वा भागात आले आणि ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने नागरिकांवर केलेल्या अत्याचारांची चौकशी केली. जबान्या, जखमांची छायाचित्रं, स्फोटक गोळ्यांचे नमुने, उकरलेल्या कबरी. कैदी सैनिकांच्या जबान्याही त्यांनी घेतल्या. पुढे ते सर्बियातच राहिले. ८ ऑगस्ट १९२९ रोजी बेलग्रेडला गेले. दफन बेलग्रेडमधल्या तोप्चिदेरला आणि हृदय काय्माक्चालान शिखरावर (२,५२१ मीटर), जिथे १९१६ मध्ये मोठी लढाई झाली होती. ते शिखर आज ग्रीस आणि उत्तर मॅसेडोनियाच्या सीमेवर आहे. सर्बियाच्या सहलीत जाता-जाता होण्यासारखं नाही.

प्रश्न : आम्ही काही जण फेब्रुवारीत सर्बियाला जात आहोत. रॉस यांच्या कबरीवर फुलं वाहायची आहेत. काय पथ्य पाळावं?

१४ फेब्रुवारीलाच जा. त्या दिवशी दुपारी १२ वाजता दरवर्षी क्रागुयेवाचची मंडळी कबरीपाशी जमतात. हे शहर बेलग्रेडपासून सुमारे १४० किलोमीटर दक्षिणेला आहे. फेब्रुवारीत बर्फ असू शकतो, म्हणून सकाळचीच बस धरा. कबर शहराच्या जुन्या दफनभूमीत आहे. ‘स्मारक’ एवढंच विचारलंत तर लोक तुम्हाला शुमारीत्सेला पाठवतील. ते १९४१च्या हत्याकांडाचं स्मारक-उद्यान आहे, वेगळी जागा आणि वेगळं युद्ध. तेव्हा ‘डॉक्टर एलिझाबेता रोस’ असं नाव घेऊन विचारा.

फुलांची संख्या सम हवी : दोन, चार, सहा. विषम फुलं तिथे जिवंत माणसाला देतात आणि फुलवाला ‘कोणासाठी?’ असं विचारतो तो म्हणूनच. मेणबत्ती लावायची असेल तर मधमाशीच्या मेणाची पिवळी, बारीक. चर्चच्या दारात मिळते. चर्चमध्येच लावणार असाल तर मृतांसाठीची जागा खालची असते, वरची जिवंतांसाठी. पुष्पचक्राच्या फितीवर एका स्त्रीसाठी ‘नेका योय ये वेच्ना स्लावा इ ह्वाला’ असं लिहितात, म्हणजे ‘तिला चिरंतन गौरव आणि कृतज्ञता’. तिन्ही कबरींवर फुलं ठेवणार असाल तर ‘योय’च्या जागी ‘इम’ करून घ्या, आणि फुलं प्रत्येकीसाठी वेगळी मोजा. दोनाच्या पटीत.